हेडचे बोल्ट पुन्हा आवळावेत का?

मोटारीचे, टेम्पोचे किंवा ट्रॅक्टरचे हेड गॅस्केट बदलून झाले, की गॅरेजमध्ये एक वाद हमखास निघतो. गाडी चार-पाचशे किलोमीटर चालली, की हेडचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत की नाही? जुना कारागीर म्हणतो, "आवळायलाच हवेत. पॅकिंग बसते आणि बोल्ट ढिले पडतात." आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला तरुण म्हणतो, "मुळीच हात लावायचा नाही. पुस्तकात तसे स्पष्ट लिहिले आहे." दोघांच्याही मागे अनुभव आहे आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र एकाच इंजिनाच्या बाबतीत दोघेही बरोबर असू शकत नाहीत.

उत्तर चुकले तर ते महागात पडते. जेथे आवळणे आवश्यक होते तेथे ते टाळले, तर काही दिवसांनी गॅस्केट पुन्हा फुटते. रेडिएटरमधले पाणी तेलात मिसळते, तेल दुधाळ होते आणि बेअरिंगांचे वंगण संपते. जेथे आवळायचे नव्हते तेथे आवळले, तर बोल्ट ब्लॉकमध्ये तुटून बसतो आणि तो काढण्यासाठी इंजिन पुन्हा खोलावे लागते. ज्याची रोजची कमाई त्या गाडीवर आहे, किंवा ज्याचा गहू डिझेल पंपाच्या पाण्यावर उभा आहे, त्याच्या दृष्टीने हा केवळ पुस्तकी वाद नाही.

शिक्षकांसाठी या प्रश्नाचे आणखी एक महत्त्व आहे. त्याचे उत्तर शोधताना शाळेत शिकवलेल्या चार गोष्टी एकत्र येतात. हूकचा नियम, घर्षण, उष्णतेने होणारे प्रसरण आणि स्क्रू हे साधे यंत्र. या चारही गोष्टी विद्यार्थी वेगवेगळ्या धड्यांत शिकतात. इंजिनाच्या एका सांध्यात त्या एकमेकींच्या हातात हात घालून काम करताना दिसतात.

गॅस्केटला काय सोसावे लागते?

इंजिनाच्या खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात. त्यात सिलिंडर असतात आणि सिलिंडरांतून दट्ट्ये वरखाली होतात. ब्लॉकवर झाकणासारखे बसते ते हेड. या दोहोंमधल्या सांध्यातून तीन गोष्टी जात असतात: सिलिंडरमधला जळता वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल. तिघांनी एकमेकांत मिसळायचे नाही आणि बाहेरही यायचे नाही. वरवर सपाट दिसणाऱ्या धातूच्या दोन पृष्ठभागांत बारीक उंचसखलपणा असतोच. तो भरून काढण्यासाठी मध्ये जो पातळ पत्रा किंवा थर घालतात, तेच हेड गॅस्केट. आपल्याकडचे कारागीर त्याला 'पॅकिंग' म्हणतात.

मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशके धावलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये यातल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत संपली. या गाडीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर. पेट्रोल इंजिन पूर्ण भाराने चालत असताना स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण पन्नास पट होतो असे धरू. मग हेडवर खालून येणारे बल सुमारे १८ हजार न्यूटन होईल. हे जवळजवळ १८०० किलोग्रॅम वजनाइतके आहे. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला २५ वेळा बसतो. डिझेल इंजिनात दाब याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो.

या धक्क्यांना पुरून उरायचे, तर गॅस्केट सतत दाबलेले राहिले पाहिजे. ते दाबून ठेवण्याचे काम बोल्टचे आहे.

बोल्ट ही एक स्प्रिंगच

बोल्ट म्हणजे दोन वस्तू एकत्र धरणारा खिळा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. आवळताना तो किंचित लांब होतो आणि पुन्हा मूळ लांबीवर येऊ पाहतो. त्याच्या या ओढीमुळेच हेड ब्लॉकवर दाबले जाते. लांबीतली वाढ आणि ओढ एकमेकींच्या प्रमाणात असतात, हे रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केले. तोच हूकचा नियम.

ही वाढ किती असते? १० मिलिमीटर व्यासाचा आणि १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी बोल्ट घेऊ. त्यातली ओढ ३० हजार न्यूटन, म्हणजे सुमारे तीन टन वजनाइतकी मानू. बोल्टच्या छेदाचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलिमीटर आणि पोलादाचा यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे दोन लाख न्यूटन. मग

लांबीतली वाढ = (३०,००० × १००) ÷ (७८.५ × २,००,०००) = ०.१९ मिलिमीटर.

म्हणजे वहीच्या दोन कागदांच्या जाडीएवढी. तीन टनांची सारी ओढ या एवढ्याशा ताणावर अवलंबून आहे. हा आकडा लक्षात ठेवू. पुढचे सगळे उत्तर त्यातच दडलेले आहे.

ताणलेल्या बोल्टचा आणखी एक गुण वर्गात सहज दाखवता येतो. तानकाटा वर टांगा. त्याचा हूक ५ किलोग्रॅमच्या खुणेपर्यंत खाली ओढा आणि काट्याचे शरीर व हूक यांच्यामध्ये खाच पाडलेला लाकडी ठोकळा असा बसवा, की हूक मागे जाऊ शकणार नाही. आता हुकाला २ किलोग्रॅमचे वजन लावा. काट्याचे वाचन ५ वरच राहते! विद्यार्थी ७ ची अपेक्षा करतात. खरे म्हणजे स्प्रिंग आधीपासूनच ठोकळ्याला पाचाच्या जोराने दाबत होती. वजन लावल्यावर ठोकळ्यावरचा दाब पाचावरून तीनवर आला, एवढेच. वजन ५ किलोग्रॅमपेक्षा जास्त झाले, की मात्र ठोकळा सुटतो आणि काटा हलू लागतो.

इंजिनात तानकाट्याच्या जागी बोल्ट आहे, ठोकळ्याच्या जागी गॅस्केट आणि वजनाच्या जागी वायूचा धक्का. बोल्टची मूळ ओढ पुरेशी असेल, तर सेकंदाला पंचवीस धक्के बसूनही बोल्टला त्यांची फारशी जाणीव होत नाही. ओढ कमी पडली, की प्रत्येक धक्क्याला सांधा किंचित उघडतो, वायू निसटतो आणि बोल्टलाही खालीवर ताण सोसावे लागतात. त्यामुळे ढिला बोल्ट थकून तुटण्याची शक्यता घट्ट बोल्टपेक्षा जास्त असते.

पान्ह्याचा जोर कुठे जातो?

आता बोल्टमध्ये ३० हजार न्यूटनची ओढ आली की नाही, हे कळणार कसे? ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कारागीर टॉर्क पान्हा वापरतो. त्या पान्ह्याला ठरावीक आघूर्ण लावले, की तो 'टक्' असा आवाज करतो किंवा काट्यावर आकडा दाखवतो. आपल्या बोल्टसाठी कोरड्या आट्यांवर साधारण ६० न्यूटन-मीटर लागतील. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला सुमारे २०० न्यूटन, किंवा वीस किलोग्रॅम वजनाइतका जोर.

घर्षण नसते तर काय झाले असते? या बोल्टचे आटे एका फेऱ्यात १.५ मिलिमीटर पुढे सरकतात. त्याच वेळी हात ३० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ पूर्ण करतो, म्हणजे १८८५ मिलिमीटर चालतो. स्क्रूचा आदर्श यांत्रिक फायदा झाला १२५० च्या वर. दोनशे न्यूटन लावले, तर अडीच लाख न्यूटनची ओढ मिळायला हवी. मिळते तीस हजारांची. म्हणजे आपल्या श्रमांपैकी जेमतेम आठवा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो. बाकीचे सारे श्रम बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतात. हे घर्षण वाया जाते असे मात्र समजू नये. पान्हा काढल्यावर बोल्ट आपोआप उलटा फिरत नाही, तो या घर्षणामुळेच.

यातून एक अडचण उभी राहते. टॉर्क पान्हा बोल्टची ओढ मोजत नाही, तर मुख्यतः घर्षण मोजतो. आट्यांना तेल लावले तर घर्षण कमी होते आणि त्याच ६० न्यूटन-मीटरला ओढ तीसऐवजी चाळीस हजार न्यूटनपर्यंत जाऊ शकते. बोल्टच्या डोक्यावर '८.८' असा आकडा कोरलेला तुम्ही पाहिला असेल. त्यातला पहिला ८ सांगतो, की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनला तुटते. बिंदूनंतरचा ८ सांगतो, की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० न्यूटनला, ते कायमचे ताणू लागते. आट्यांच्या जागी आपल्या बोल्टचा परिणामी छेद ५८ चौरस मिलिमीटर असतो. म्हणजे सुमारे ३७ हजार न्यूटनच्या पुढे हा बोल्ट पूर्ववत होणार नाही. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरला, तर तीच मर्यादा ओलांडली जाते. म्हणूनच 'आट्यांना तेल लावा' किंवा 'आटे कोरडे ठेवा' ही पुस्तकातली सूचना टॉर्कच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते.

'पॅकिंग बसते' म्हणजे काय होते?

आता जुन्या कारागिराच्या म्हणण्याकडे वळू. पूर्वीची हेड गॅस्केटे तांब्याच्या किंवा पोलादाच्या पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू भरून केलेली असत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आणि त्याच्या जागी ग्रॅफाइट किंवा कृत्रिम तंतू आले. या मिश्र गॅस्केटांची जाडी साधारण दीड मिलिमीटर असते आणि गर मऊ असतो. मऊ असल्यामुळेच तो धातूच्या उंचसखल पृष्ठभागावर चांगला जमून जातो. परंतु मऊ पदार्थ दाबाखाली ठेवला, तर तो काळाबरोबर आणखी थोडा दबत राहतो आणि तापवला तर जास्त वेगाने दबतो. गादीतला कापूस काही दिवसांनी बसतो, तसेच हे आहे.

गॅस्केट आणखी ०.०५ मिलिमीटरने, म्हणजे अर्ध्या कागदाच्या जाडीने, बसले असे समजू. बोल्टचा ताणही तेवढाच कमी होणार. ०.१९ मधून ०.०५ गेले, की राहिले ०.१४. तीस हजार न्यूटनच्या ओढीतले जवळजवळ आठ हजार न्यूटन नाहीसे झाले. बोल्ट एका अंशानेही उलटा फिरलेला नाही. त्यावर खडूने केलेली खूण जागच्या जागी आहे. तरीही तो एक चतुर्थांशाने ढिला झाला आहे. बोल्ट 'ढिला पडतो' याचा खरा अर्थ हा.

याच हिशेबातून हेडचे बोल्ट लांब का असतात तेही कळते. बोल्ट १०० ऐवजी २५ मिलिमीटर लांबीचा असता, तर त्याच ओढीला तो केवळ ०.०४८ मिलिमीटर ताणला गेला असता. मग गॅस्केट अर्ध्या कागदाने बसताच सारी ओढ संपली असती!

उष्णतेचाही यात हात असतो. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटरने वाढते, तर पोलाद १२ मायक्रोमीटरने. हेडची जाडी ८० मिलिमीटर आणि तापमानातली वाढ ७० अंश सेल्सियस धरली, तर हेड ०.१३ मिलिमीटरने वाढते. त्यातून जाणारा बोल्टचा भाग मात्र जवळजवळ ०.०७ मिलिमीटरनेच वाढतो. उरलेल्या ०.०६ मिलिमीटरने बोल्ट ताणला जातो आणि गॅस्केट दाबले जाते. हेड आणि गॅस्केट स्वतः थोडे दबत असल्याने प्रत्यक्ष परिणाम याहून कमी होतो, पण दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. गरम असताना गॅस्केट अशा रीतीने जास्त चेपले जाते. इंजिन थंड झाल्यावर हेड आकसते, पण चेपलेला मऊ गर पूर्णपणे फुगून वर येत नाही. पहिल्या काही तापण्या-निवण्यांत ओढीचा मोठा भाग गळून जातो. पुढे गर घट्ट होत जातो आणि गळती थांबत येते. अँबॅसिडरसारख्या गाडीत हेडही बिडाचे होते. बीड आणि पोलाद यांचे प्रसरण जवळजवळ सारखे असल्याने हा दुसरा परिणाम तेथे फारसा नव्हता. गॅस्केट बसण्याचा पहिला परिणाम मात्र तेथेही होताच.

म्हणजे 'पाचशे किलोमीटरनंतर आवळा' हा जुना नियम अंधश्रद्धा नव्हता. मऊ गॅस्केटच्या बाबतीत तो पक्क्या निरीक्षणावर आधारलेला होता. सतारीला नवी तार चढवली, की पहिले काही दिवस ती वारंवार उतरते आणि पुन्हा पुन्हा लावावी लागते. वादक त्यासाठी तारेला दोष देत नाही. तार बसेपर्यंत तो खुंटी पिळत राहतो. फरक एवढाच, की तारेची उतरलेली ओढ कानाला कळते, बोल्टची कळत नाही.

आवळायचे तर कसे?

ज्या इंजिनाला पुन्हा आवळणे सांगितले आहे, तेथेही पान्हा लावून नुसते 'टक्' ऐकणे पुरेसे नाही. काही दिवस स्थिर राहिलेल्या बोल्टचे आटे एकमेकांना धरून बसतात. स्थितिक घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, हे आपण शिकवतोच. त्यामुळे ओढ एक चतुर्थांशाने कमी झालेली असूनही बोल्ट हलण्यापूर्वीच पान्हा ठरलेल्या आकड्याला आवाज करतो. 'तपासले, सगळे बोल्ट टाइट आहेत' असे समाधान होते आणि ते खोटे असते.

म्हणून अशा इंजिनांच्या अनेक पुस्तकांत पद्धत दिलेली असते ती अशी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमुळे बोल्टमध्ये आलेली जादा ओढ आपल्याला फसवते. मग ठरलेल्या क्रमाने एका वेळी एकच बोल्ट घ्यावा, तो थोडासा सैल करावा आणि लगेच, फिरता ठेवून, ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळावा. तो झाल्यावरच पुढचा घ्यावा. सगळे बोल्ट एकदम सैल करू नयेत. तसे केल्यास बसलेले गॅस्केट सुटते आणि सांधा पुन्हा मूळ पदावर येतो.

क्रम साधारणपणे मधून कडेकडे जाणारा असतो. चटईच्या सुरकुत्या मधून बाहेर सारतात, तसा. एका टोकाचे बोल्ट आधी पूर्ण आवळले, तर हेड तिरके बसते. शिवाय शेजारचा बोल्ट आवळला, की तेथील गॅस्केट दबते आणि आधी आवळलेल्या बोल्टचा ताण उतरतो. म्हणूनच पहिल्यांदा बसवतानाही दोन-तीन टप्प्यांत आवळायला सांगतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. पद्मिनीसारख्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि लांब काड्यांमार्फत तो हेडवरचे व्हॉल्व्ह उघडतो. बोल्ट आवळल्यावर हेड किंचित खाली येते, पण काडीची लांबी तीच राहते. त्यामुळे टॅपेटची फट कमी होते. ती अगदीच बुजली, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळून जातो. म्हणून हेड आवळल्यानंतर टॅपेट तपासणे हा त्याच कामाचा शेवटचा भाग आहे.

मग 'हात लावू नका' असे का म्हणतात?

आता तरुण कारागिराची बाजू पाहू. १९९० च्या दशकापासून मोटारींमध्ये वेगळ्या जातीचे गॅस्केट मोठ्या प्रमाणावर वापरात आले. त्यात मऊ गर नसतो. स्प्रिंगच्या पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक ठेवलेले असतात. सिलिंडरच्या तोंडाभोवती त्या पत्र्यांना उठावाच्या कडा दाबून काढलेल्या असतात आणि वर रबरासारख्या पदार्थाचा अगदी पातळ थर असतो. दाबल्यावर या कडा चपट्या होतात, पण त्या स्वतःच स्प्रिंग असल्याने परत उसळू पाहतात. कालांतराने बसण्यासारखे त्यात फारसे काही नसते. त्याच्या बदल्यात हेड आणि ब्लॉक यांचे पृष्ठभाग मात्र अतिशय गुळगुळीत आणि सपाट असावे लागतात, कारण उंचसखलपणा भरून काढायला मऊ गर नाही.

याच सुमारास बोल्ट आवळण्याची पद्धतही बदलली. टॉर्कच्या आकड्यावर घर्षणाची लहर चालते, हे आपण पाहिले. पण आट्यांचे पुढे सरकणे घर्षणावर अवलंबून नसते. बोल्ट एक चतुर्थांश फेरा फिरवला, की तो ०.३७५ मिलिमीटर सरकणारच, मग आटे कोरडे असोत की तेलकट. म्हणून आधी लहानशा टॉर्कने बोल्ट टेकवायचा आणि त्यानंतर ठरावीक अंशांतून, समजा ९० अंश आणि पुन्हा ९० अंश, फिरवायचा. अशा अनेक इंजिनांत बोल्ट मुद्दामच त्याच्या स्थितिस्थापक मर्यादेच्या थोडा पलीकडे नेतात. पोलादाच्या प्रतिबल-विकार आलेखात या ठिकाणी रेषा जवळजवळ आडवी होते. त्यामुळे कोन थोडा कमी-जास्त झाला, तरी ओढ फारशी बदलत नाही. प्रत्येक बोल्टमध्ये जवळजवळ सारखी ओढ मिळवण्याची ही युक्ती आहे. असे बोल्ट बहुधा लांब आणि मध्ये बारीक केलेले असतात. म्हणजे त्यांचा ताण आणखी मोठा आणि गॅस्केट बसण्याचे प्रमाण मात्र नगण्य. ताणातला नगण्य हिस्सा गेला, तरी ओढ टिकून राहते. पुन्हा आवळण्याचे कारणच उरत नाही.

आणि तरीही आवळले तर? आलेखाच्या आडव्या भागात असलेल्या बोल्टला आणखी फिरवले, तर ओढ वाढत नाही. बोल्टच कायमचा लांब होत जातो, एखाद्या जागी बारीक पडतो आणि शेवटी तुटतो. सैल करून पुन्हा टॉर्कने आवळावे म्हटले, तर पुस्तकात दिलेला टॉर्क केवळ पहिल्या टप्प्याचा असतो. तेवढ्यावर थांबलो, तर हेड अर्धवटच आवळले जाते. कोनासह सारे पुन्हा केले, तर तोच बोल्ट दुसऱ्यांदा कायमचा ताणला जातो. म्हणून अशा इंजिनांत हेड उघडले, की बोल्टही नवे घालायला सांगतात. काही उत्पादक बोल्टची लांबी मोजून, ती मर्यादेत असेल तर पुन्हा वापरू देतात. अशी परवानगी लिहून दिलेली असेल, तरच ती गृहीत धरावी.

निर्णय कसा घ्यावा?

यावरून 'आवळावे की नाही' हा प्रश्न तीन लहान प्रश्नांत मोडता येतो. गॅस्केट बसणाऱ्या जातीचे आहे की उसळणाऱ्या जातीचे? बोल्ट टॉर्कने आवळले आहेत की कोनाने? आणि इंजिन व गॅस्केट बनवणाऱ्यांनी काय लिहिले आहे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मिश्र जातीची काही गॅस्केटेही अशी सुधारलेली असतात, की त्यांना पुन्हा आवळावे लागत नाही. त्यांच्या पाकिटावर किंवा आतल्या चिठ्ठीवर तसे छापलेले असते. जुन्या इंजिनात नव्या जातीचे गॅस्केट घातले असेल, तर इंजिनाच्या जुन्या पुस्तकाबरोबर ही चिठ्ठीही वाचली पाहिजे. खोकी आणि चिठ्ठ्या काम संपण्यापूर्वी कचऱ्यात जातात, हे बरे नव्हे.

एक इशारा सर्वांसाठीच. फार जुन्या इंजिनाचे गॅस्केट काढताना ते कोरडे खरवडू नये आणि हवेच्या झोताने साफ करू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते ओले करून काढावे.

वर्गासाठी एक प्रयोग

लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या घ्याव्यात आणि त्यांना दोन्ही टोकांना भोके पाडून घ्यावीत. मध्ये जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर ठेवून त्या नट-बोल्टने आवळाव्यात. नट आणि पट्टी यांवर मिळून एक रेघ मारावी. दुसऱ्या दिवशी रेघ जागेवरच असते, पण नट किंचित सैल करून कालच्याच जोराने आवळला, की तो रेघेच्या पुढे जातो. किती अंश पुढे गेला ते कोनमापकाने मोजावे. आता पुठ्ठ्याऐवजी पत्र्याचे तुकडे घालून हेच करावे. मग पुठ्ठा पुन्हा घालून, आखूड बोल्टच्या जागी लांब बोल्ट आणि खाली नळीचा तुकडा वापरून पाहावे. लांब बोल्टच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी नट सोडवायला लागणारा जोर कमी उतरलेला असतो का, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे. सायकलच्या दुकानात नव्याने बांधलेले चाक काही दिवसांनी पुन्हा का 'आऊट' काढून घ्यावे लागते, याचेही उत्तर मग ते स्वतः देऊ शकतील.

जुना नियम आणि नवा नियम यांपैकी एक शहाणपणाचा आणि दुसरा अडाणीपणाचा, असे येथे काही नाही. दोन्ही नियम आपापल्या पदार्थांच्या गुणधर्मांवरून आलेले आहेत. पदार्थ बदलला, की नियमाची अट बदलते. पण नियम तोंडपाठ असतो आणि अट कोणी सांगितलेली नसते. म्हणून जुना नियम नव्या इंजिनात बोल्ट तोडतो आणि नवा नियम जुन्या इंजिनात गॅस्केट फोडतो. विद्यार्थ्याला नियम सांगताना त्याबरोबर 'हे केव्हा लागू नाही?' हा प्रश्नही आपण दिला, तर उद्या त्याच्या हातात पान्हा असो की प्रयोगशाळेतले उपकरण, त्याचे काम पक्के होईल.